पुलावरचे आभार

आमच्या ग्वायाकानालच्या नळाला जे येतं त्याला पाणी म्हणायची माझी तयारी नाही. सकाळी तोटी सोडली की आधी फुस्स करून वारा येतो, मग पातळ कॉफीच्या रंगाचं काहीतरी येतं आणि भांड्याच्या तळाशी बोटभर गाळ बसतो. लोक विचारतात, उकळून का नाही घेत? उकळतो की! उकळल्यावर गाळ गरम होतो, एवढंच. वरच्या अंगाला डोंगर खचून टाकी फुटली तेव्हापासून हे असंच चाललंय. माझी नात तात्याना अजून धड रांगत नाही, आणि दोनदा इबागे शहराच्या दवाखान्यात सलाइन लावून आली. दुसऱ्या वेळी तिथली डॉक्टरीण मला म्हणाली, "बाई, पुन्हा आणलीत तर मी काही सांगू शकत नाही. पाणी बदला." जशी काही मी चपला बदलणार होते.

माझा नवरा आर्सेसियो गावसमितीचा अध्यक्ष. देशाला एक अध्यक्ष असतो तसा आमच्याकडे प्रत्येक वस्तीला एक असतो. फरक इतकाच, की आमच्याला पगार नाही आणि शिव्या त्याच्या तोंडावर मिळतात. त्याने महिनोन्‌महिने खेचरावर बसून खोऱ्यातल्या सगळ्या वस्त्या पालथ्या घातल्या आणि एक गोष्ट ठरवून आणली. सोमवारी पुलावर महामार्ग अडवायचा. घरटी एका माणसाने यायचं, बसायला खुर्ची आणायची आणि आपल्या घरच्या पाण्याची एक बादली. पाइपच्या कामावर सही होईपर्यंत उठायचं नाही.

त्या दिवसांत राष्ट्राध्यक्षांचं कोणालाच कौतुक नव्हतं. टीव्हीवर आकडा दाखवायचे. चारातला एक माणूस त्यांना बरं म्हणत होता, आणि तो एक ग्वायाकानालचा खासच नव्हता. आमचा दुकानदार ओविदियो तर म्हणायचा, "ह्या माणसाच्या हाती मी माझं गाढवसुद्धा राखायला देणार नाही." सरकारी कचेरीतून एका डॉक्टरांचा फोन आला. आमच्याकडे टाय लावणारा प्रत्येक जण डॉक्टर. "सणाच्या तोंडावर रस्ता बंद करू नका हो," ते आर्सेसियोला म्हणाले. "मी स्वतः कागद घेऊन येतो."

"या ना," आर्सेसियो म्हणाला. "पुलावरच या. सही करा, आम्ही खुर्च्या उचलतो."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला आणि हसला. "घाबरलेत, नुबिया! आकडा खाली गेलाय ना, म्हणून घाबरलेत. आता पाणी येतंय बघ."

हे गुरुवारचं. शुक्रवारी दुपारी टीव्हीवरचं सगळं थांबलं आणि राष्ट्राध्यक्ष दिसले, मागे सेनापती ओळीने उभे. बंडखोरांचा म्होरक्या फेर्मिन मेला, ते म्हणाले. जंगलात तळावर बॉम्ब टाकले, प्रेत हाती आलं, ओळख पटली.

येसिद माझा धाकटा भाऊ. पोलिसात होता. फेर्मिनच्या टोळीने खालच्या गावची चौकी उडवली तेव्हा तो आत झोपलेला होता. शवपेटी आम्हाला उघडू दिली नाही. आईने लाकडावरच हात फिरवला आणि तेवढ्यावर त्याला निरोप दिला. म्हणून त्या शुक्रवारी मी टीव्हीसमोर रडले ते आनंदाने रडले, आणि त्याची मला अजिबात लाज नाही. लाज वाटते ती त्यानंतरच्या सगळ्याची.

आमच्या बारला लागून आमचं तेहो खेळायचं मैदान आहे. म्हणजे एका टोकाला मातीने भरलेला उतरता चौक, त्यात लोखंडी कडं, कड्यावर बंदुकीच्या दारूच्या कागदी पुड्या. दुसऱ्या टोकाहून लोखंडी चकती फेकायची आणि पुडी फोडायची. धडाम झालं की बाजी मारली, हरणाऱ्याने बिअर पाजायची. त्या दुपारी कोणी हरत नव्हतं. अख्खं गाव मैदानात लोटलं. मी बिअरची पहिली पेटी फुकट फोडली. ओविदियो टेबलावर चढून ओरडत होता, "छाती लागते, छाती! इतक्या जणांनी खुर्च्या उबवल्या, कोणाला जमलं होतं का? ह्याला म्हणतात राष्ट्राध्यक्ष!"

"परवापर्यंत गाढव देत नव्हतास," आर्सेसियो म्हणाला.

"आता बायको देईन!" ओविदियो म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. त्याची बायकोसुद्धा हसली.

एकामागून एक बार उडत होते. एका क्षणी माझ्या पोरीने, मिलेनाने, रिकामा डबा दाखवला. पुड्या संपल्या होत्या. मी हात पुसले आणि नेहमीसारखी मागच्या कुंपणातून पलीकडे गेले. पुड्या आम्ही शेजारच्या दोन्या दियोसेलिनाकडून घेतो; दोन्या हे आमच्याकडचं मानाचं, 'बाई'सारखं. कागदाचा त्रिकोण करून त्यात दारू भरायची आणि न फुटता घडी घालायची, हे म्हातारीच्या बोटांना जमतं तसं खोऱ्यात कोणाला जमत नाही. वर्षानुवर्षं मी त्या कुंपणातून जातेय. पायांना वाट विचारावी लागत नाही, आणि त्या दिवशी मी पायांच्याच हवाली होते.

तिच्या अंगणात भिंतीला लागून खुर्च्या मांडलेल्या होत्या. चुलीवर कॉफीचं मोठं पातेलं होतं. म्हातारी टेबलाशी बसून पुड्या वळत होती.

"दोन्या, आहेत का हो तयार? दोन डझन तरी द्या."

"पुरतील का पोरी तेवढ्या?" तिने डबा पुढे ओढला. "गर्दी आहे वाटतं आज."

"अहो, आज तर..." मी म्हणाले, आणि भिंतीलगतच्या खुर्च्यांकडे माझं लक्ष गेलं.

फेर्मिन हे त्याचं जंगलातलं नाव. आईने, म्हणजे ह्या दोन्यानेच, ठेवलेलं नाव एदिल्सोन. मिसरूड फुटायच्या आत घरातून गेला तो परत आला नाही. त्याआधी येसिद आणि तो आमच्याच मैदानात माती मळायचे, चिखलाने भरून दोघं माझ्या आईच्या शिव्या खायचे. गावात लहानथोरांना हे ठाऊक होतं. कोणी बोलायचं नाही, इतकंच. आणि आमच्याकडे घरात कोणी गेलं की नऊ संध्याकाळी शेजाऱ्यांनी जाऊन बसायचं असतं, जपमाळ म्हणायची, घरच्यांनी कॉफी द्यायची. त्या खुर्च्या त्यासाठी होत्या. ते पातेलं त्यासाठी होतं. आणि पहिली शेजारीण आली होती ती त्याच्या मरणाचे बार उडवायला तिच्याच हातच्या पुड्या मागायला.

दोन्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला सगळं कळलेलंच होतं. बहिरी थोडीच होती ती.

"घे," ती म्हणाली. "काहीतरी करत बसायचं म्हणून वळत होते. दुसरं काय करू?"

त्या क्षणी मी तो डबा खाली ठेवायला हवा होता. खुर्ची ओढून बसायला हवं होतं, निदान तिच्या हातावर हात तरी. येसिदसाठी माझ्याकडे आली होती ती, नऊच्या नऊ संध्याकाळी, सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसायची आणि मान वर करायची नाही. मी "येते हं" म्हणाले आणि डबा काखेत मारून परत आले. त्या सगळ्या पुड्या त्या दुपारी फुटल्या. शेवटची मी फोडली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी बारमधला भिंतीवरचा फोन वाजला. बोगोटाहून एक पोरगी बोलत होती, जनमत घेणाऱ्या कुठल्याशा कंपनीतून.

"बाई, राष्ट्राध्यक्षांचं काम तुम्हाला पसंत आहे की नापसंत?"

"कोण आहे?" ओविदियोने विचारलं. मी फोनवर हात ठेवून सांगितलं तर सगळा बार कान टवकारून बसला. "पसंत म्हण! जोरात म्हण!"

"पसंत," मी म्हणाले.

"तुमच्या घरी पिण्याजोगं पाणी येतं का?"

"नाही."

"गावात दवाखाना?"

"होता. बंद पडला."

"गेल्या वर्षापेक्षा तुमचं बरं चाललंय का?"

"कसलं बरं गं?"

पोरीने पुन्हा विचारलं, "म्हणजे... राष्ट्राध्यक्षांचं काम मी पसंतच लिहू ना?"

"एकदा सांगितलं ना बाई, पसंत! किती वेळा विचारशील?"

मी फोन आपटला. बारमध्ये एकच जल्लोष झाला. आर्सेसियो कोपऱ्यात बसला होता, तो उठून बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेले.

"तोंड का वाकडं?" मी विचारलं.

"वाकडं नाही गं. फेर्मिन मेला, बरं झालं. मीही प्यायलो बिअर. शाबासकी द्यायची तर द्या. पण शाबासकीच्या हातानेच बादलीही देऊन टाकायची का? सोमवारचं काय? सकाळपासून चार वस्त्यांचे निरोप आले, आम्ही येत नाही. म्हणतात, अशा वेळी रस्ता अडवला तर लोक आपल्याला फेर्मिनची माणसं म्हणतील."

"बरोबरच आहे त्यांचं. आज त्या माणसाला नावं ठेवू नकोस."

"मी नावं ठेवत नाही, पाणी मागतोय. तात्यानाला काय पाजणार आहेस? त्याचं भाषण?"

तेव्हा मी त्याला म्हणाले, "माझा भाऊ होता तो. तुझा नव्हता."

तो पाठ फिरवून घराकडे गेला, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. येसिदला मी असा वापरला, भांडणात हाताशी येईल ती काठी उचलावी तसा.

रविवारी बैठक झाली, आणि तिथे ओविदियोने जे डोकं चालवलं ते आमच्याच गावात चालू शकतं. "अरे, राष्ट्राध्यक्ष आता खुशीत आहेत," तो म्हणाला. "खुशीत असलेल्या माणसाला कोणी अडवतं का? त्याला जेवायला घालतात! डॉक्टर सोमवारी येणारच आहेत. आपण पुलावर त्यांचं स्वागत करू. बॅनर लावू, अख्खं डुक्कर भरून लेचोना करू. पोट भरल्यावर सही कोण नाकारतो?"

आर्सेसियो एवढंच म्हणाला, "रस्ता मोकळा असेल तर ते येतीलच कशाला?" पण त्याचं कोण ऐकतंय? हात वर झाले. माझाही झाला, आणि तो त्याला दिसेल असा झाला. मग आम्ही डुक्कर कापलं, सोललं, वाटाणे नि कांद्याची पात घालून मांस भरलं, शिवलं आणि भट्टीत सारलं. बायका बॅनर रंगवायला बसल्या. घरोघर निरोप गेले, खुर्च्या-बादल्या नकोत, स्वच्छ कपडे घालून या.

सोमवारी पुलाच्या तोंडाशी आम्ही उभे. बॅनर दोन झाडांना ताणलेला, त्यावर निळ्या अक्षरांत 'धन्यवाद, राष्ट्राध्यक्ष! ग्वायाकानाल तुमच्या पाठीशी आहे'. टेबलावर लेचोना, कातडी सोनेरी, कुरकुरीत. ट्रक भरधाव जात होते आणि आमच्या शुभ्र कपड्यांवर धूळ उडवत होते. दहा वाजले, अकरा वाजले. उन्हाने डुकराची चरबी टेबलावरून ओघळायला लागली. डॉक्टरांचा पत्ता नाही. पुलावर मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून आर्सेसियो फोन करायला टेकडीवर चढून गेला.

तो गेला, आणि गावाच्या बाजूने दोन्या दियोसेलिना येताना दिसली. काळा पोशाख, डोक्यावर काळी शाल. एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात झाकण लावलेली बादली. आमच्याकडे न बघता ती सरळ रस्त्याच्या मधोमध गेली, खुर्ची टेकवली, बादली शेजारी ठेवली, झाकण काढलं आणि बसली.

पहिला ट्रक तिच्यापासून चार हातांवर कचकन थांबला. त्याच्या मागे दुसरा, मग बस, मग टँकर. भोंग्यांनी कान किटले.

"अहो दोन्या! काय करताय हे?" मी धावत गेले.

"उशीर झाला का मला?" ती म्हणाली. "चालवत नाही गं आता. आर्सेसियो म्हणाला होता, घरटी एक माणूस. आमच्या घरी मीच." तिने मान वळवून पाहिलं. "बाकीच्यांच्या खुर्च्या कुठायत?"

बेत रद्द झाल्याचा निरोप घरोघर गेला होता, तिच्या घरी गेला नव्हता. शुक्रवारपासून तिच्या घरी कोणी गेलंच नव्हतं. मी सोडून, आणि मी कशाला गेले होते ते सांगून झालंय.

तिने बॅनरकडे पाहिलं. डोळे बारीक करून एकेक अक्षर जुळवत तिने तो सगळा वाचला. मग तिचा चेहरा उजळला, खरंच सांगते, उजळला.

"म्हणजे पाणी आलं?" तिने विचारलं.

मागे सगळं गाव उभं होतं. मिलेना तात्यानाला कडेवर घेऊन उभी होती, तिने मान खाली घातली.

"नाही हो दोन्या," मी म्हणाले. "पाणी नाही आलं."

"नाही आलं?" ती पुन्हा बॅनरकडे बघत राहिली. तिला काही उमगेना, आणि मग उमगलं. तिने शाल सावरून घेतली. "बरं. मग बसायला हवं," ती म्हणाली आणि पाठ टेकून नीट बसली.

ओविदियो माझ्या कानाशी आला. "उठव हिला! डॉक्टर आले आणि रस्त्यात त्याची आई दिसली, तर मेलो आपण. अख्खं गाव बदनाम होईल."

"तू उठव की. तुला कोणी धरलंय?"

पण तोही हात लावेना. तिच्याजवळ जायला कोणी धजेना, आणि तिला एकटी सोडून जायलाही कोणाचे पाय उचलेनात. आम्ही नुसते उभे राहिलो. गाड्यांची रांग वळणापलीकडे गेली. ड्रायव्हर खाली उतरले. एकाने बादलीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आजीबाई, हे तुम्ही पिता?" ती म्हणाली, "तर काय! ते बाळ पण हेच पितं." तिने तात्यानाकडे बोट दाखवलं. ड्रायव्हर मिलेनाकडे पाहत राहिला आणि मग आपल्या ट्रकच्या पायरीवर जाऊन बसला. त्याने भोंगा वाजवला नाही. मग मागच्यांचेही हळूहळू थांबले.

अर्ध्या तासाने पोलिसांची गाडी आली. येसिदचा होता तोच गणवेश. एक तरुण हवालदार उतरला, त्याने म्हातारीला पाहिलं, बॅनर पाहिला, टेबलावरचं डुक्कर पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात काही शिरेना.

"ह्या कोण? तुमच्याबरोबर आहेत का?"

"छे छे, साहेब!" ओविदियो पुढे झाला. "आम्ही तर स्वागताला आलोय. ही बाई आमच्या गावची नाही. कुठून आली कोण जाणे. डोक्याने जरा..."

दोन्या ऐकत होती. तिने ओविदियोकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हवालदारानेही नेमकं माझ्याकडेच पाहिलं. मी तिच्या सगळ्यात जवळ उभी होते.

"खरं का, बाई?"

मी मान डोलावली.

त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं. ती मुकाट्याने उठली. गाडीत चढताना हवालदाराने बादली बाजूला केली तर एवढंच म्हणाली, "सांडू नको रे बाबा, ते दाखवायचंय." पण त्याने ते गटारात ओतलं आणि रिकामी बादली तिच्या मांडीवर ठेवली. गाडी गेली. ट्रक एकेक करून हलले. बघता बघता रस्ता मोकळा झाला.

आणि तेवढ्यात टेकडीवरून आर्सेसियो धावत आला. घसरत, पडत, टोपी हातात, तोंडभर हसू.

"येतायत!" तो लांबूनच ओरडला. "आधी म्हणाले, गरज नाही, आता सगळा देश आमच्यावर खूश आहे, तुम्ही नंतर अर्ज करा. मग त्यांचाच फोन आला! म्हणाले, अहो, तुमच्या पुलावर गाड्यांची रांग लागलीय, सणाच्या तोंडावर हे परवडणार नाही, मी कागद घेऊन निघतो, तासाभरात सही करतो, फक्त कोणाला उठवू नका, पोलिसांशी भांडण नको! म्हटलं, आम्ही कशाला उठवू? नुबिया, कोण बसलं गं? कोणी अडवला?"

तो पुलाच्या तोंडाशी येऊन थबकला. समोर एक बस मजेत निघून गेली. त्याने रस्त्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

"दोन्या बसली होती," मी म्हणाले. "एकटीच."

"मग आहे कुठे ती?"

"पोलिसांनी नेलं."

"नेलं? आणि तुम्ही इतके जण... कोणी काही बोललं नाही?"

"ओविदियो बोलला. आपल्या गावची नाही म्हणाला."

"आणि तू?"

माझ्या नवऱ्याने मला आजवर कधी हात लावला नाही. त्या वेळी लावला असता तर बरं झालं असतं. मी त्याला सांगितलं काय केलं ते. त्याने फक्त "बरं" म्हटलं, टोपी डोक्यावर घातली आणि पोलिसांची गाडी गेली त्या दिशेने, रस्त्याच्या कडेकडेने चालायला लागला. दोन्याची खुर्ची कोणीतरी रस्त्याच्या कडेला ढकलून दिली होती. ती त्याने उचलली आणि बरोबर घेतली.

डॉक्टर आलेच नाहीत. रस्ता उघडल्याचं त्यांना वाटेतच कळलं असणार. आम्ही मात्र उभेच होतो, दुसरं काय करणार होतो? बॅनर वाचून ट्रकवाले हात हलवत होते, अंगठा दाखवत होते, 'जिंदाबाद' ओरडत होते. एक जण गाडी बाजूला लावून खाली उतरला आणि म्हणाला, "आमचाही राष्ट्राध्यक्ष आहे हो, आम्हालाही वाढा." मी सुरी घेतली आणि त्याला वाढलं.